वावर ओळखणारा दवाखाना

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात कोणत्या महिन्यात कोणता रुग्ण येणार, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नाही. कोणताही कास्तकार सांगेल. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पेरणीची घाई, आणि बिळात पाणी शिरल्यामुळे धुऱ्यावर आलेले साप. जुलैत तणनाशक. ऑगस्टात सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि उंटअळी, म्हणजे पाठीवर पंप, तोंडाला रुमाल आणि सांजच्याला मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. सप्टेंबरच्या शेवटी सोंगणीला लागलं की विळ्याचे घाव. सुड्या लागून हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, वावरात आला की बोटं, मनगटं, पट्ट्यात ओढला गेलेला पदर. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं ओलीत, तेही रात्रीच्या विजेवर. पौष-माघापासून हळद शिजते, तेव्हा वाफेनं भाजलेले हात. मग उन्हाळा आणि उष्माघात. यातल्या कोणत्याही महिन्यात, बाजार समितीतला भाव कोसळला की उडालेली झोप. तिच्यासाठी मात्र सहसा कोणी केसपेपर काढत नाही.

दवाखान्यातल्या कागदावर यातलं फार थोडं उतरतं. तिथं ताप, उलटी, अंगदुखी, अशक्तपणा एवढंच लिहिलं जातं. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ असा शब्द पडतो आणि चौकशी तिथंच थांबते. कोणतं पीक, कोणतं औषध, किती पंप फवारले, अनवाणी की बूट घालून, स्वतःच्या वावरात की रोजानं, हे विचारायला गर्दीत वेळ नसतो आणि शिक्षणात कुणी शिकवलेलंही नसतं.

ग्रामीण वैद्यकाच्या भवितव्यावर बोलताना आपण लगेच डॉक्टर किती, खाटा किती, रुग्णवाहिका किती याकडे वळतो. ती मोजदाद हवीच. पण वाशिमसारख्या शेतीवर उभ्या असलेल्या जिल्ह्यात पुढच्या वीस वर्षांचा खरा प्रश्न वेगळा आहे. इथला माणूस ज्या कामानं आजारी पडतो, ते काम दवाखान्याला ठाऊक असणार आहे की नाही?

धंद्याचे आजार, पण धंदा कुणाच्या हिशोबात?

१९४८ साली देशात दोन कायदे झाले. कारखाने अधिनियमानं कारखान्यातल्या यंत्राला जाळी, हवेला खिडकी आणि व्यवसायजन्य आजारांची यादी दिली. कर्मचारी राज्य विमा अधिनियमानं कामगाराला दवाखाना आणि आजारपणातली भरपाई दिली. दोन्ही कायदे वावराच्या धुऱ्यापाशी येऊन थांबले. गिरणीच्या पट्ट्यात हात गेला तर तो औद्योगिक अपघात, हडंब्यात गेला तर नशिबाचा फेरा, ही विभागणी तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली आहे.

शेतकऱ्यासाठी काहीच झालं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश, वीज पडणं, फवारणीतली विषबाधा हे सारं त्यात बसतं. पण लाभ सातबारा ज्याच्या नावावर त्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या वावरात पंप उचलणारा भूमिहीन मजूर किंवा सोंगणीला जाणारी मजूर बाई या योजनेच्या बाहेर. अंगावर विष घेणारा बहुतेक वेळा हाच माणूस असतो, आणि कागद नसलेलाही हाच.

१७०० साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला बाकीचे प्रश्न विचारताना ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असा आग्रह त्यानं धरला. त्या ग्रंथात कुंभार, खाणकामगार यांच्याबरोबर शेतकऱ्यांवरही प्रकरण आहे. सव्वातीनशे वर्षांनंतर तो प्रश्न आपल्या तालुक्यात पुरता पोचलेला नाही.

पंपामागे मजुरी

वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. शेकडोंवर उपचार करावे लागले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा पायाऐवजी तोंडावर येत होता. जास्त दाबाचे नवे पंप आले होते. दोन-तीन औषधं एका टाकीत कालवली जात होती. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. चर्चा बहुतेक ‘मजुरांनी मास्क घातला नाही’ इथंच संपली.

मास्क का घातला जात नाही, हे फवारणीच्या दिवशी वावरात उभं राहिलं की कळतं. मजुरी अनेक ठिकाणी पंपामागे ठरते. जितके पंप, तितके पैसे. पंधरा-वीस लिटर पाणी पाठीवर, चिखलात पाय, वरून दमट ऊन. पाणी बहुधा घरच्या बाया आणून देतात. हातमोजे असले तर झाकण उघडताना निसटतात, म्हणून झाकण उघड्या हातानं, कधी दातानं. टाकी थोडी गळते आणि पाठीवरचा सदरा ओला होतो. घामानं भिजलेल्या कातडीतून विष आत शिरतं. नोझल अडकलं की तोंडानं फुंकून मोकळं करायचं, मग त्याच हातानं तंबाखू. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पण वापराच्या सूचना इतक्या बारीक छापलेल्या असतात की चष्मा लावूनही वाचवत नाहीत, आणि डोस अखेर कृषी केंद्राच्या काउंटरवर तोंडी ठरतो.

सेंद्रिय फॉस्फरस गटातलं औषध शरीरात गेलं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पडतं. मज्जातंतूंनी दिलेला संदेश थांबवणं हे त्याचं काम. ते थांबलं की संदेश अखंड चालूच राहतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ आणि घाम वाहतो, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखा घरघराट होतो. यावर अॅट्रोपिन आहे. ते स्वस्त आहे आणि त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. लागतो तो उशाशी बसणारा डॉक्टर. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, मात्रा वाढवत न्यायची, फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत. आणि एक साधी गोष्ट त्याच्याही आधी: अंगावरचे ओले कपडे काढून साबणानं अंग धुणं. सलाईन लावायच्या घाईत हे राहून गेलं, तर कपड्यांतून विष आत जातच राहतं.

पण गंभीर रुग्ण थोडे असतात. ज्यांचं फक्त डोकं दुखतं, हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही आणि जे सकाळी पुन्हा पंप उचलतात, त्यांची संख्या मोठी. त्यांच्यासाठी एक जुना, पारखलेला उपाय आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं १९७४ पासून या गटातली औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हंगामाआधी तपासण्याचा नियम केला. विकराचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं, म्हणून आधीचा आकडा हाताशी हवा. हंगामात तो ठरावीक मर्यादेखाली गेला की त्या कामगाराला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं. रिसोड तालुक्यात गावागावांत फवारणीला जाणारी माणसं ठरलेली असतात आणि गावाला ती माहीत असतात. मे महिन्यात त्यांची यादी करून रक्त तपासणं हे तालुक्याच्या आवाक्यातलं काम आहे.

आणखी एक धागा जोडायचा राहिला आहे. कृषी विभागाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प २००९ पासून सोयाबीन, कपाशी, तूर या पिकांवरच्या किडींची पाहणी करतो. किडीनं आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की फवारणीचा सल्ला निघतो. तो सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर येत नाही. खरं तर उंटअळीचा इशारा हा चार दिवसांनी येणाऱ्या विषबाधेचाही इशारा आहे. तालुका कृषी अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्यात त्या दिवशी एक फोन झाला, तर अॅट्रोपिनचा साठा आधी पोचेल आणि आशाताई त्या आठवड्यात फवारणाऱ्यांच्या घरी आधी जाईल.

रात्रीचं ओलीत

सापाच्या बाबतीत तर आपण साऱ्या देशानं डोळेझाक केली. भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळातल्या मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. मरणारे प्रामुख्यानं खेड्यातले, शेतात राबणारे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं एकच औषध आपल्याकडे आहे. ते वेळेत मिळणं आणि ते द्यायला डॉक्टरनं न कचरणं, या दोन गोष्टींवर जीव टांगलेला असतो.

न कचरणं महत्त्वाचं, कारण औषधाची उलट प्रतिक्रिया येईल या भीतीनं रुग्णाला पुढं धाडण्याची सवय मोठी आहे. रिसोडला रेल्वे नाही. वाशिमचं जिल्हा रुग्णालय चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, अकोल्याचं सर्वोपचार त्याच्याही कितीतरी पुढं. मण्यार चावलेल्याची श्वास घेण्याची ताकद या वाटेतच संपते. पहिली मात्रा जवळच्या दवाखान्यात आणि मग १०८ चा प्रवास, हा क्रम पाळला तर तो माणूस पोचतो.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून काय होऊ शकतं, याचं उदाहरण मराठी मुलखात आहे. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडीला वैद्यकीय अधिकारी होते. लाल विंचू चावून कोकणात माणसं मरत आणि पुस्तकात त्यावर उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, रक्तदाब आणि हृदयाच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथं उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. ज्या दंशानं शंभरातले तीस-चाळीस दगावत, त्याचे मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेतावरच्या आजाराचं ज्ञान मोठ्या शहरातून खाली यायची वाट पाहावी लागत नाही, ते शेताच्या काठावरही तयार होतं, हा या कामाचा धडा.

पण सापावरचा सगळ्यात चांगला उपाय वीज वितरणाच्या हातात आहे. कृषीपंपाला दिवसा वीज मिळाली तर माघाच्या काळोखात दांड फोडायला कुणाला जावं लागणार नाही. राज्यानं सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं ठरवलं आहे. त्या योजनेचं यश मेगावॉटमध्ये मोजलं जातं. रात्रीचे सर्पदंश किती घटले, हाही आकडा त्याच अहवालात यावा, कारण दिवसाची वीज हे आरोग्याचंही काम आहे.

झोप उडालेली माणसं

वाशिम हा पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातला जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं. त्यात वाशिम होता. कर्ज, भाव, पाणी, विमा हे प्रश्न दवाखान्यात सुटणारे नाहीत, आणि शेतकऱ्याच्या दुःखाला नुसतं नैराश्य म्हणून गोळी देणं हा अन्यायच. पण कर्ज असलेल्या शंभर माणसांपैकी जो खचतो, जो बोलायचं सोडतो, त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचायला हवं.

पोचता येतं, हे अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमानं दाखवलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर मनाच्या आजारांबद्दल बोलणं सुरू केलं. समुपदेशक गावात बसवले आणि गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चारावरून सत्तावीसवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. नंबर भिंतीवर रंगवून काम होत नाही. ‘काका, दोन दिस झाले, जेवले नाही म्हणतात घरचे’ असं म्हणत ओट्यावर टेकणारं ओळखीचं माणूस लागतं, तेव्हा तो नंबर लागतो.

फवारणीच्या बाटलीचाही इथं संबंध आहे. घरात कडीपाटाला टांगलेलं कीटकनाशक एका वाईट क्षणी हाताशी येतं. ते कुलपात किंवा गावाच्या सामायिक कोठीत ठेवणं, लाल त्रिकोणाची औषधं हळूहळू बाजारातून काढणं, यानंही जीव वाचतात.

ज्यांनी आधी करून दाखवलं

मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात गेले, पुढं डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. बालमृत्यूंच्या मागं कुपोषण, कुपोषणाच्या मागं रिकामी कोठी, आणि रिकाम्या कोठीच्या मागं न पिकणारं रान, हे त्यांनी पाहिलं. लोक जनावरांचे आजारही विचारायला यायचे, म्हणून डॉ. कोल्हे पशुवैद्यकाकडून जनावरांचं शिकले. मग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची वाट धरून शेती शिकले आणि स्वतः पिकवून लोकांना दाखवली. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ते अकोल्याचं विद्यापीठ रिसोडच्या कास्तकाराचंही विद्यापीठ आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा लोकांनी आधी पाणी मागितलं. दुष्काळाच्या त्या वर्षांत विंधन विहिरी झाल्या, शेतकरी मंडळं उभी राहिली, आणि गावातल्या अक्षरओळखही नसलेल्या बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या आशाताईची वंशावळ शोधली तर ती जामखेडच्या त्या बायांपाशी जाते.

जपानच्या नागानो प्रांतात डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी १९४५ मध्ये साकु इथल्या छोट्या रुग्णालयात आले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं ते रुग्णालय. डॉक्टर, परिचारिका संध्याकाळी गावात जाऊन आरोग्यावरची नाटकं करत, तपासणी करत. कंबर धरणं, हातांना मुंग्या, धाप, झोप न लागणं अशा शेतकऱ्यांच्या तक्रारींचा समूह त्यांनी नोंदवून अभ्यासला. १९५९ पासून याचिहो गावात प्रत्येक माणसाची दरवर्षी तपासणी सुरू केली. १९५२ मध्ये जपानमध्ये ग्रामीण वैद्यकाची स्वतंत्र संघटना उभी राहिली. दवाखान्याची मालकी पिकवणाऱ्यांकडे असली तर तो पिकवणाऱ्यांचं ऐकतो, हे तिथं दिसलं. महाराष्ट्रालाही ही वाट नवी नाही. प्रवरेचं ग्रामीण रुग्णालय सहकारी साखर कारखान्याच्या चळवळीतूनच उभं राहिलं.

रिसोडच्या भोवती तीन महाविद्यालयं

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्यांत वाशिम, हिंगोली आणि बुलढाणा ही तीनही आहेत. रिसोड तालुका या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर बसलेला आहे. आकांक्षित जिल्हा म्हणून ज्याची ओळख दिली गेली, त्या वाशिमच्या आसपास डॉक्टर घडवणाऱ्या तीन संस्था असणं ही या भागात पूर्वी कधी न आलेली संधी आहे.

ही संधी वाया जाण्याची वाटही सरळ आहे. वर्गात शहरी रुग्णालयाचा अभ्यासक्रम शिकवायचा, पदवीनंतर बंधपत्राचं एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायचं आणि पदव्युत्तर परीक्षेच्या पुस्तकांसह शहर गाठायचं. एका वर्षात डॉक्टरला एक खरीप आणि एक रब्बी दिसते. गाव त्याला ओळखू लागतं तोवर तो निघालेला असतो.

दुसरी वाटही खुली आहे. नव्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन शिक्षणभर त्यांचा पाठपुरावा करायचा असतो. ही कुटुंबं केवळ रक्तदाब मोजण्यापुरती राहू नयेत. विद्यार्थी पेरणीच्या दिवशी, फवारणीच्या दिवशी, हळद शिजते त्या दिवशी वावरात असावा. किती पंप, कोणतं औषध, मजूर कोण, पाणी कोण आणतं, कपडे कोण धुतं, हे त्यानं लिहावं. शंभर विद्यार्थ्यांच्या अशा पाच वर्षांच्या नोंदी म्हणजे सोयाबीन पट्ट्यातल्या आजारांचा पहिला ठोस दस्तऐवज होईल.

बाकीची कामं तालुक्याच्या पातळीवरची आहेत. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, त्या वेळी मजूर बायांचा ऑटो वावराच्या वाटेला लागलेला असतो. दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो, म्हणून महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असूनही त्या अंगदुखीची गोळी किराणा दुकानातून घेऊन निंदणाला जातात. सोंगणी-निंदणाच्या महिन्यांत सांजेचा दवाखाना आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवली, तर त्या येतील. हडंब्याच्या मालकानं पट्ट्याला जाळी लावल्याशिवाय गावात यंत्र आणू नये, हा ठराव ग्रामसभा करू शकते. तुटलेलं बोट स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फात टाकायचं नाही, हे प्रत्येक यंत्रचालकाला यायला हवं. बाजार समितीच्या उत्पन्नातला छोटा वाटा विषबाधेच्या खाटांसाठी ठेवता येईल. आणि अपघात अनुदानात सातबारा नसलेल्या मजुराचं नाव आलं पाहिजे. ही मागणी शेतकरी संघटनांनीच आधी करावी, कारण त्यांच्याच वावरात तो मजूर राबतो.

या साऱ्याचा भार शेवटी आशाताईवर येतो. तिच्या घरीही सोयाबीन असतं, तीही सोंगणीला जाते. नवं प्रत्येक काम तिच्या डोक्यावर ठेवायचं आणि मोबदल्यासाठी तिला आंदोलनाला बसवायचं, हे चालणार नाही. शेतीच्या आरोग्याचं काम तिच्याकडून हवं असेल, तर त्याचा ठरलेला पगार द्यावा लागेल.

वाशिमच्या महाविद्यालयातली पहिली तुकडी, आंतरवासिता धरून, २०३० च्या सुमारास डॉक्टर होईल. सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची मुदतही २०३० चीच आहे. त्या शंभर मुलामुलींना मण्यारचा दंश ओळखता यावा, अॅट्रोपिनची मात्रा हिमतीनं वाढवता यावी, खचलेल्या माणसाशी त्याच्या ओट्यावर बसून बोलता यावं. क्रॉपसॅपचा सल्ला वाचून पुढच्या आठवड्याची तयारी त्यांना करता यावी. शहरात मोठं रुग्णालय गाठणारे डॉक्टर घडवायला आपल्याकडे संस्था पुष्कळ आहेत. सोयाबीनच्या पट्ट्याचे डॉक्टर इथंच घडवावे लागतील, आणि त्यासाठी हाताशी असलेली वर्षं आत्ता सुरू आहेत.